दीपगृहाच्या दारातल्या चपला

मिशिगनमधल्या आमच्या नोव्हायच्या मराठी मंडळात सहलीचा विषय निघाला की दोन तट पडायचे. एक नायगाऱ्याचा आणि दुसरा, नायगारा सोडून कुठंही चला म्हणणाऱ्यांचा. मी दुसऱ्या तटातली. भारतातून कुणाचे ना कुणाचे आईवडील आलेले असायचेच आणि त्यांच्या निमित्तानं मी तो धबधबा इतक्यांदा पाहिला होता, की तिथल्या पार्किंगवाल्यानं मला ओळख दाखवली असती तरी नवल वाटलं नसतं. त्यामुळे त्या वर्षी, दोन हजार पाच असेल नाहीतर सहा, डॉक्टरकाकांनी लेक मिशिगनच्या काठानं लाइटहाऊसेस बघत जायची तीन दिवसांची बस काढली, तेव्हा मी पहिल्याच दिवशी नावं देऊन टाकली.

डॉक्टरकाका म्हणजे सत्तरच्या दशकात इकडे आलेले, आता रिटायर्ड, आणि लाइटहाऊसचं वेड लागलेले गृहस्थ. त्यांच्या घरी टॉवेलवर लाइटहाऊस, किल्ल्यांच्या जुडग्याला लाइटहाऊस, दारातली टपालाची पेटीसुद्धा लाइटहाऊसच्या आकाराची. काकू म्हणायच्या, मी जरा उंच आहे म्हणून यांनी मला पसंत केलं, बाकी काही बघितलंच नाही. मी पडले नागपूरची. पाण्याशी माझा संबंध फुटाळा तलाव आणि त्याच्या काठचं मक्याचं कणीस, एवढाच. पण लाँग वीकेंडला घरी बसून गवत कापण्यापेक्षा बरं, असा माझा हिशोब होता.

सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. माहेर कोकणातलं, ऐन समुद्रकाठचं, पण लग्नानंतरचं सगळं आयुष्य पुण्यात गेलेलं. मी त्यांना सहलीचं सांगितलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. किती दिवस, कोण कोण, खायला काय न्यायचं, यातलं काहीएक त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "वर चढू देतात का गो?"

देतात म्हटल्यावर त्या पुन्हा मेथीकडे वळल्या. पण त्या दिवसापासून एक गंमत सुरू झाली. दुपारी मी घरातली कामं आवरत असले, की बेसमेंटच्या जिन्यावर पावलं वाजायची. वर, खाली, पुन्हा वर. मी डोकावले की त्या म्हणायच्या, कपडे वाळले का बघायला गेले होते. ड्रायरमध्ये कपडे वाळायला किती वेळ लागतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. 

नवऱ्याला मात्र पत्ता लागला आणि तो सुरूच झाला. माझा नवरा गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करतो आणि घरी आल्यावरही त्याचं काम थांबत नाही. कुणी काही करायचं म्हटलं, की याचा पाय ब्रेकवर. आईचे गुडघे दुखतात, बीपी आहे, आणि तिच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये जुनी दुखणी बसत नाहीत. म्हणून त्यानं ठरवून टाकलं, की आई खाली बाकावर बसेल, तो वर जाऊन फोटो काढून आणेल आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तिला सगळं दाखवेल. सासूबाई बरं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा जिना वाजायला लागला.

सहलीचा पहिला दिवस आमच्या मंडळानं खाण्यात घालवला. बस निघाली ती अर्ध्या तासानं उशिरा, कारण एका घरातून मिरचीचा ठेचा यायचा राहिला होता. बस हायवेला लागते न लागते तोच मागून भडंगाची पिशवी फिरायला लागली. वाटेत एका पार्कात जेवायला म्हणून थांबलो. पुऱ्या, बटाट्याची भाजी, धपाटे, दही, दोन प्रकारचे लाडू. मग कुणीतरी विजेची किटली बाहेर काढली आणि पार्कातल्या शेडमध्ये प्लग शोधण्यात बायका आणि पुरुष एकदिलानं गुंतले. आलं किसून चहा झाला. एका घोटानं कुणाचं भागतंय, दुसऱ्यांदा झाला. काका घड्याळ दाखवत फिरत होते, पण त्यांच्याही हातात कप होता.

आम्ही पोचलो तेव्हा लाइटहाऊसचं दार नुकतंच बंद झालं होतं. लालभडक मनोरा, धक्क्याच्या टोकाला उभा, आणि दाराला कुलूप. झालं. बसमध्ये परत आल्यावर चहावाल्यांनी ठेचावाल्यांना बोल लावले आणि ठेचावाल्यांनी चहावाल्यांना. सासूबाई धक्क्यावरच मान वर करून उभ्या होत्या. माझी नऊ वर्षांची लेक त्यांचं बोट धरून आणायला गेली, तेव्हा कुठं त्या हलल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र काकांनी सगळ्यांना धाकात ठेवलं. चहा मोटेलमध्येच प्या, नाहीतर पिऊच नका. सकाळी वेळेत पोचलो. लाइटहाऊस वाळूच्या टेकाडापलीकडे होतं. तिथं जाता जाता सासूबाई पाण्याशी थांबल्या. समोर क्षितिजापर्यंत पाणीच पाणी, लाटा येतायत, फेस येतोय, पलीकडचा काठ म्हणून दिसत नाही. त्यांनी वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग आमटी चाखल्यासारखा चेहरा करून म्हणाल्या, मीठच नाही याला. सगळी बस हसली आणि मग एकेक करून सगळ्यांनीच बोटं बुडवून चाखलं. कोल्हापूरकडचे एक जण म्हणाले, गोडं पाणी आणि एवढं, आमच्याकडे असतं तर दोन्ही काठांवर ऊस लावला असता.

दारात नवऱ्यानं आईसाठी सावलीतला बाक हेरून ठेवला. पण त्या त्याच्याकडे न बघता सरळ रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे. आमची पाळी आली आणि दारातल्या माणसानं खाली त्यांच्या पायांकडे बघून अगदी नम्रपणे सांगितलं, की चपला चालणार नाहीत. जिना लोखंडी आणि अरुंद आहे, पाय सटकतो, मागून बंद असलेले बूट हवेत. पाटी लावलेलीच होती. आमच्यापैकी कुणी वाचली नव्हती.

नवऱ्यानं सुटकेचा श्वास टाकला, तो मला ऐकू आला. वर आणखी म्हणाला, "बघ आई, मी बूट आणले होते तेव्हा तू घातले नाहीस." ते खरं होतं. त्यानं पहिल्याच आठवड्यात त्यांना पांढरे बूट आणून दिले होते. साडीखाली बूट घालून मला काय परेडला जायचंय, असं म्हणून त्यांनी ते कपाटात ढकलले होते आणि ते अजून तिथंच होते, नोव्हायला. मला नवऱ्याचा असा राग आला, की मीही वर गेले नाही. सासूबाईंच्या शेजारी बाकावर बसले. तो लेकीला घेऊन वर गेला आणि फोटो काढून आला, पंचवीसेक तरी असतील. त्यांनी सगळे पाहिले आणि छान आलेत म्हणाल्या.

संध्याकाळी मोटेलच्या खोलीत नवरा काकांबरोबर उद्याचा रस्ता बघायला गेला होता. सासूबाई पायांना तेल चोळत बसल्या होत्या. माझ्या लेकीनं सरळच विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच द्यायची तिची तऱ्हा. "आजी, व्हाय डू यू वाँट टू गो अप सो बॅड?"

मग त्यांनी सांगितलं. फार रंगवून वगैरे नाही, तेल चोळता चोळता.

त्यांच्या गावाजवळ डोंगराच्या टोकाला दीपगृह होतं. त्यांच्या वडिलांची तिथल्या दिवेवाल्या माणसाशी ओळख होती. एकदा त्यानं पोरांना घेऊन या म्हणून सांगितलं. वडील तिन्ही मुलग्यांना आणि हिला, म्हणजे सासूबाईंना, घेऊन गेले. ही तेव्हा आमच्या लेकीएवढीच. दिवेवाला मोठा शिस्तीचा, आतला जिना त्यानं देवळासारखा लखलखीत ठेवलेला, पायताणं बाहेर काढल्याशिवाय कुणाला आत घ्यायचा नाही. सगळ्यांनी चपला काढल्या. आणि वडील हिला म्हणाले, तू थांब. चपला सांभाळ. इथं कुत्री फार आहेत.

"मग?" मी विचारलं.

मग काय, त्या म्हणाल्या, सांभाळल्या. भाऊ वर गेले, वरून ओरडून ओरडून सांगत राहिले, की आपलं घर दिसतंय, परसातली विहीर दिसतेय, वाळत घातलेलं आईचं लुगडं दिसतंय. खाली उतरल्यावर वडील म्हणाले होते, की पुढच्या वेळी तुला नेऊ. पुढची वेळ आली नाही. त्यानंतर अख्खा जन्म, कुठल्याही लग्नकार्यात भाऊ एकत्र जमले, की आम्ही दीपगृहावर गेलो होतो तेव्हा, अशी सुरुवात व्हायची. थोरला तर वारला त्याच्या आदल्या वर्षीसुद्धा ते सांगत होता. आणि दर वेळी कुणीतरी विचारायचं, की तू पण होतीस ना गो? त्या म्हणायच्या, होते तर.

माझी लेक पलंगावर ताठ उठून बसली. "दॅट्स नॉट फेअर," ती म्हणाली. ती इतकी लाल झाली होती, की जणू ही गोष्ट आज सकाळीच घडली होती. सासूबाई हसल्या आणि तेलाची बाटली बंद केली. मी मात्र तळमळत होते. उद्याच्या दिवसात एकच लाइटहाऊस उरलं होतं, महिन्याभरात त्या परत जाणार होत्या, आणि त्या गुडघ्यांना घेऊन पुन्हा कधी एवढा प्रवास करतील असं मला वाटत नव्हतं. नवरा आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, की मला काय हौस आहे का तिला अडवायची, पण वर चक्कर आली तर उचलून आणणार कोण? त्याचंही खोटं नव्हतं. पण मला त्याचं खरं ऐकायचं नव्हतं, म्हणून मी पाठ फिरवून झोपले.

तिसऱ्या दिवशी नाश्तापाणी आटपून पोचलो. पांढरा मनोरा, खाली विटांचं छोटं घर, आजूबाजूला हिरवळ. काका सगळ्यांना गोळा करून भिंगाची माहिती सांगायला लागले. मी बायकांबरोबर रेस्टरूमच्या रांगेत होते. परत येऊन बघते तर काय, दारापाशी आमच्या मंडळींचे बूट एका ओळीत काढून ठेवलेले. स्पोर्ट्सचे बूट, पोरांचे बूट, काकांचे तपकिरी बूट, काकूंचे पंपशूज. आणि ओळीत सगळ्यांत पुढे, जोडीनं, सासूबाईंच्या चपला.

काय झालं ते मला नंतर कळलं. चपला चालत नाहीत ना, मग काढूनच ठेवते, म्हणून सासूबाईंनी त्या दारात काढल्या. त्यांच्या पाठीमागच्या मावशींनी चपला काढलेल्या पाहिल्या आणि बूट काढले. त्यांच्या मागच्यांनी त्यांचे पाहून. दारात चपला दिसल्या की आपले हात आपोआप बुटाच्या बंदाकडे जातात, कुणी काही विचारत बसत नाही. आणि खोटं कशाला सांगू, हे सगळं बघत असताना मीसुद्धा माझे बूट काढून ओळीत ठेवले होते. नवरा, ज्यानं आदल्या दिवशी पाटीवरून आईला ऐकवलं होतं, तोही मोज्यांवर उभा होता. आमच्या मागे आलेलं एक अमेरिकन जोडपं बिचारं वाकून नाड्या सोडत होतं.

दारातली बाई म्हातारी, टोपी घातलेली, हसऱ्या चेहऱ्याची. तिनं ती ओळ पाहिली, आम्हाला पाहिलं आणि काकांना हळूच विचारलं, की आज तुमचा काही धार्मिक दिवस आहे का. काका गोंधळून म्हणाले, नाही, हा आमचा मॅनर आहे. मग तिनं समजावलं, की भावना पोचली, पण जिन्याच्या पायऱ्या जाळीच्या आहेत, अनवाणी पायांना लागेल. बूट घालूनच जायचं. अनवाणी नाही आणि चपलांनी तर नाहीच.

सगळे हसत हसत बूट घालायला लागले. एकट्या सासूबाई तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी आपल्या चपला पायानं सरळ केल्या आणि कुणाचं लक्ष नाहीसं बघून बाकाकडे निघाल्या. मला ते बघवेना.

तेवढ्यात लेकीनं तिचे बूट त्यांच्यासमोर नेऊन ठेवले. पाऊल टाकलं की टाचेत लाल दिवा चमकतो, असे ते बूट. तेव्हा सगळ्या पोरींना तसले हवे असायचे. "आजी, यू कॅन वेअर माइन." सासूबाईंची पावलं म्हणजे लहानखुरी, आणि आमच्या लेकीनं पाय बापाचे घेतलेले. बूट बसले. मी स्वतः गुडघ्यावर बसून नाड्या बांधल्या. साडी जरा वर खोचली. दिवे लागतात का बघायला त्यांनी एक पाय आपटून पाहिला आणि लागल्यावर दुसरा आपटला. आजूबाजूच्या मावश्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. ती त्यांच्या चपलांपाशी मोज्यांवर उभी होती.

"हिनं काय घालायचं?" सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, ती थांबेल खाली, काही बिघडत नाही, कालच तर चढली होती. लेकीनंही जोरात मान हलवली. पण सासूबाई तिथंच हिरवळीवर बसल्या आणि मी बांधलेल्या नाड्या सोडायला लागल्या.

"पोरगी चपलांपाशी थांबायची नाही," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा मीच थांबते. मला सवय आहे."

 काकांचं भिंगपुराणसुद्धा थांबलं.  मी खाली बसून माझे बूट लेकीच्या पायात घालायला लागले, म्हटलं मी राहते, तुम्ही दोघी जा. माझे बूट तिला मोठे, पण मोज्यांवर मोजे चढवले तर चालण्यासारखे होते. तर शेजारी धप्पकन काहीतरी पडलं. नवऱ्याचे बूट.

तो काल रात्रीपासून माझ्याशी धड एक शब्द बोलला नव्हता. आता तो आईच्या पायाशी बसला आणि तिच्या सुटलेल्या नाड्या पुन्हा बांधायला लागला, दुहेरी गाठ मारून, घट्ट. "हिला पण बरोबर असू दे," तो आईला म्हणाला. हिला म्हणजे मला. "एकेक पायरी घे. मध्ये थांब. ती मागे राहील, तू पुढे चढ."

अशी आमची वरात निघाली. सासूबाई नातीच्या बुटांत, नात माझ्या बुटांत आणि मी नवऱ्याच्या होड्यांत फटक फटक करत. नवरा मोज्यांवर बाहेर. जिना गोल गोल, अरुंद, पायाखालच्या जाळीतून खालचं सगळं दिसतंय. सासूबाई प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होत्या आणि दर पावलाला माझ्या डोळ्यांसमोर लाल दिवा चमकत होता. मध्ये त्या तीनदा थांबल्या. तिसऱ्यांदा बराच वेळ थांबल्या, श्वास लागला होता, हात कठड्याला घट्ट. मी घाबरले. म्हटलं, आई, इथूनही छान दिसतंय हो, त्या खिडकीतून बघू आणि उतरू. त्यांनी मागे वळून माझ्याकडे अशी नजर टाकली, की लग्न झाल्यापासून तसली नजर मी दोनदाच पाहिली असेल. मी निमूट त्यांच्या मागे चढायला लागले. काय बिशाद होती माझी.

वरचं दार उघडलं आणि वारा असा आला, की पदर सरळ माझ्या तोंडावर. लेकीनं तो धरून आजीच्या कमरेला खोचला. आम्ही बाहेर सज्जात आलो. पाणी, नुसतं पाणी. निळं, त्यापुढे हिरवट, त्यापुढे पुन्हा निळं. सासूबाई कठड्याला धरून एकेक पाऊल सरकत गोल फिरल्या.  मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि खरं सांगते, त्या लेक मिशिगनचंही काही बघितलं नाही मी. त्या रडत नव्हत्या. नऊ वर्षांच्या मुलीसारखं तोंड उघडं ठेवून बघत होत्या.

फिरत फिरत त्या जमिनीच्या बाजूला आल्या. खाली विटांचं घर, हिरवळ, आमची बस, बसपाशी किटली काढलेली मंडळी. आणि दारापाशी, बाकावर, मोज्यांवर बसलेला माझा नवरा. मान उंच करून वरच बघत होता. शेजारी बाकावर त्याच्या आईच्या चपला.

आम्ही दिसल्यावर तो उठला. हात हलवला, मग घड्याळ दाखवलं आणि खाली या, खाली या, अशा खुणा करायला लागला. काहीतरी ओरडलाही, पण वाऱ्यात ऐकू येईना.

"आजी, बाबा इज कॉलिंग अस," लेक म्हणाली.

सासूबाईंनी वाकून त्याच्याकडे पाहिलं. मग त्या चपलांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"त्याला म्हणावं," त्या म्हणाल्या, "तू थांब. चपला सांभाळ."

माझी लेक, जिच्या तोंडून मराठी वाक्य काढायला आम्ही तिला दर रविवारी मराठी शाळेत नेऊन थकलो होतो, तिनं कठड्याला पोट टेकवलं, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडली. "बाबाऽ, तू थांब! चपला सांभाळ!"

त्याला ऐकू गेलं. तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं बाकावरच्या दोन्ही चपला उचलल्या, वर धरून आईला दाखवल्या आणि त्या मांडीवर घेऊन पुन्हा खाली बसला. मी हसत होते आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

सासूबाईंनी पदर आणखी घट्ट खोचला आणि कठडा धरून दुसऱ्या फेरीला निघाल्या.